गळ्यापर्यंत टाकी

निमगाव केतकीचा बिरू मिस्त्री म्हणजे भलताच खडूस माणूस. गिऱ्हाईकाला आधी झापणार, मगच गाडीला हात लावणार. पण हात कसला, सोन्याचा! बापजाद्यांनी मेंढरं राखली, यानं जुन्या गाड्यांवर जीव लावला.

उन्हाळ्यात मानसिंगआबा आपली वीस वर्षांची गाडी घेऊन आले. तोंड एवढंसं झालेलं.

"बिरू, ही काढून टाकतो. गिऱ्हाईक बघ."

"का वो आबा? इंजिन तर खणखणीत हाय."

"कारभारीण बसंना हिच्यात. म्हणती मळमळतं, आता बारामतीला यायचंच न्हाय."

आबांच्या बायकोचं, लीलाबाईंचं, बारामतीला आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. सोमवारची खेप चुकली, पाय सुजले. उद्याची चुकवून चालणारच नव्हतं. बाईनं जगायचीच हाय खाल्ली, असं आबांना वाटत होतं.

बिरूनं मागचं दार उघडून आत मान घातली आणि करवादला, "अवो, पेट्रोलचा वास मारतोय की नुसता!"

"मला तर काय येत न्हाय."

येणार कसा? आबांच्या नाकात सदा तपकीर!

बिरू गाडीखाली शिरला. टाकीतल्या पेट्रोलची वाफ धरून ठेवायला कोळशाचा डबा असतो. ती वाफ मग इंजिनात जळून जाते. बिरूनं तो काढून हलवला, तर आत पेट्रोल डुचमळलं.

"आबा, पंपावर टाकी कशी भरता?"

"टाकी भरून पंपाची नळी आपसूक बंद पडली तरी गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरतो. दर खेपेला."

"तेच पेट्रोल डब्यात उतरलं, अन् त्याचाच वास गाडीत भरतोय! एवढी कसली वो हाव?"

"हाव न्हाय रं," आबा खाली बघत म्हणाले. "ती मागं झोपलेली असती. मधीच गाडी थांबली, तर उन्हात तिला घेऊन कुठं जाऊ?"

आयुष्यात पहिल्यांदा बिरूनं झापणं अर्ध्यावर सोडलं. त्यानं तडक इंदापूर गाठलं, नवा डबा आणून बसवला, दारं उघडी टाकून गाडी वाऱ्यावर ठेवली. सकाळी स्वतःच ती आबांच्या दारात नेली आणि लीलाबाईंना सगळं सांगितलं, आबांचं बोलणंसुद्धा.

लीलाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. डोळे पुसले. मग मागचं दार सोडून पुढं, आबांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या, "उशीर झाला तर खाट दुसऱ्याला देत्याल."