बोंबलावर लाल फुली

मी मुंबईत, खारला घरीच शिकवणी घेते. आमच्या बिल्डिंगमागच्या जुन्या गावातली एक मुलगी माझ्याकडे येते. तिसरीत, इंग्रजी शाळेत. आई मासळीबाजारात बसते.

पहिल्याच दिवशी विचारलं, नाउन म्हणजे काय? पोरीनं हात मागे बांधून एका दमात सांगितलं, ‘अ नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस, ॲनिमल ऑर थिंग.’ बरं, या खोलीतलं एक नाउन दाखव म्हटलं, तर घाबरून पुस्तक उघडायला लागली. माझं डोकंच फिरलं. वर्षभर नुसती घोकंपट्टी!

मी पुस्तक मिटलं. आईच्या टोपलीत काय असतं? ‘बोंबील, मांदेली, कोळंबी.’ ही नावं, म्हणजे नाउन. आई काय करते? ‘कापते, विकते, भांडते.’ हे व्हर्ब. मासे कसे? ‘ताजे!’ ते ॲडजेक्टिव्ह. आईचं नाव न घेता ‘ती’ म्हटलं की प्रोनाउन. पाऊण तासात सगळं झालं, हसतखेळत.

शाळेच्या चाचणीत तिनं नाउनची उदाहरणं इंग्रजी अक्षरांत लिहिली: बोंबील, कोळंबी, टोपली. तिन्हींवर लाल फुली. टोपलीला बास्केट म्हणतात, मान्य. मग तसं शिकवा की! तिच्या टीचरनं ते वर्गात मोठ्यानं वाचलं, नाकाला रुमाल लावला, आणि सगळा वर्ग हसला. हे सांगताना पोर रडली नाही. मलाच शाळेत जाऊन तमाशा करावासा वाटला. गेले नाही. शिकवणीवालीला कोण विचारतो?

त्यानंतर पोर आईचा विषयच काढेना.

परवा तिची आई बाजारातून परस्पर माझ्याकडे आली. लेक मागे उभी. पदराला हात पुसून तिनं निबंधाची वही पुढे केली. ‘बाई, धा पैकी धा! काय लिवलंय माझ्यावर? मला इंग्लिश येत न्हाय.’

पहिलंच वाक्य गाइडातलं होतं. ‘माय मदर इज अ हाउसवाइफ.’ पोर माझ्याकडे टक लावून बघत होती.

‘लिहिलंय,’ मी म्हटलं, ‘माझी आई बाजारात मासळी विकते.’

आई हरखली. वही काखेत मारून म्हणाली, ‘उद्या बाजारात न्हेते. गिऱ्हाइकांकडनं वाचून घेते.’