कोमट पाण्याला उकळी

आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये एखादी बातमी सगळ्यांपर्यंत पोचवायची असेल, तर ती नोटीस बोर्डावर लावत नाहीत. मला सांगतात, आणि वर "कोणाला बोलू नकोस हां, सुबोध" म्हणतात. दोन तासांत काम फत्ते. त्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी. तेव्हा आता जे सांगतोय तेही मीठमसाला लावलेलं असणार, असं तुम्ही धरून चालणार. चाला. मसाला नाही. मीठ आहे.

गोष्ट माझ्या समोरच्या दारातल्या भीमराज हिवराळेची. भीमराज बोटीवर फिटर. आठ महिने समुद्रात, चार महिने घरी. घरी असला की बिल्डिंगमधला एक नळ टिपकत नाही. पंप कुरकुरला तर हा लांब पेचकस घेतो, त्याचं टोक पंपाला लावतो, मूठ कानाला लावतो, आणि डॉक्टरसारखा सांगतो, "बेअरिंग गेलंय, दोन आठवडे काढेल." बरोबर दोन आठवडे काढतं. हल्ली मात्र मूठ कानात अगदी रुतवून धरतो. पंचवीस वर्षं इंजिनाशेजारी काढली की काय होणार.

एकदा मी विचारलं, "बोटीवर नेमकं काय करतोस रे?"

"पाणी."

"म्हणजे?"

"समुद्राचं गोडं करतो. पंचवीस माणसं पितात, त्यातच जेवण, त्यातच अंघोळी. कागदावर मशीन इंजिनियरचं, पण उघडणं, साफ करणं, परत चालू करणं माझ्या हाताचं."

"साखर किती लागते?"

झालं. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये त्याचं नाव 'साखर कारखाना'. तो हसायचा. त्याची आई, शांताबाई, हसायच्या नाहीत. जालन्याकडच्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. साठीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकल्या, आणि शिकल्यापासून काही सोडत नाहीत. शाम्पूची पुडी, दूधवाल्याची पिशवी, माझ्या नोटिसा. नोटिशीतली वेलांटी चुकली की दारात येऊन सांगतात. येईल त्या पाहुण्याला त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "माझा लेक दर्याचं पाणी गोड करतो. साहेबलोक पितात."

यंदा फेब्रुवारीत मी खाली बाकावर मैफल जमवून बसलो होतो. विषय निघाला. मी म्हटलं, "पाण्याचं काम, पाण्याचं काम! अहो, पंचवीस जणांचे संडास तुंबले की तेही पाण्याचंच काम!" हशा पिकला. मी वळलो, तर खांबापलीकडे शांताबाई, मांडीत मटारची पिशवी. पिशवी उचलली आणि वर गेल्या.

त्या दिवसापासून पाहुण्यांना सांगायचं ते वाक्य बंद.

नलिनी, म्हणजे माझी बायको, रात्री ताट वाढता वाढता म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही ते नाही, निदान कान तरी असावेत. त्यांचे मालक जन्मभर गटारात उतरायचे. कमरेला दोर बांधून. पोराचा हात त्या पाण्यात जाणार नाही, एवढं एकच मागितलं होतं त्या बाईने आयुष्याकडे. आणि तू..."

वीस वर्षं समोरासमोर राहतोय. मला हे माहीत नव्हतं. मला, ज्याला कोणाच्या घरी आज कुठली भाजी आहे तेही माहीत असतं.

मार्चच्या सुरुवातीला भीमराज आला. चौथ्या दिवशी माझ्या दारात.

"आई विचारते, तू तिथं घाण काढतोस ना? मला फसवतोस ना? व्हिडिओ दाखवला, तर म्हणते मोबाइलमध्ये काय, वाघही बोलतात. कोणी घातलं रे हे तिच्या डोक्यात?"

मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"या खेपेला सुट्टी तीनच आठवडे, पंचवीस तारखेला बोट धरायचीय," तो म्हणाला. "ही शेवटची. पुढच्या मेडिकलला कान नापास होणार. आणि मी येईपर्यंत आई..." ते वाक्य त्याने सोडून दिलं. "तिच्या डोळ्यांदेखत पाणी करून दाखवतो. वीस तारखेला पंपाची खोली दे एक दिवस."

"वीसच का? मुहूर्त काढलायस?"

"आहे मुहूर्त."

आणि माझ्या तोंडून, सेक्रेटरीच्या सवयीने, निघून गेलं, "अरे पण सोसायटीच्या पाण्याला असा कोणालाही हात लावू देता येत नाही. बोर्ड लावलाय ना."

भीमराज माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. ओळखीचा माणूस दिसावा तसा. "हां," म्हणाला, "बोर्ड आहे," आणि वळला.

नलिनी आतून आली. खिळ्यावरची किल्ली काढली, त्याच्या हातात ठेवली, आणि दार लावल्यावर मला म्हणाली, "वीस मार्चला शांताबाई कुठे जातात दर वर्षी?"

महाडला. चवदार तळ्यावर. ओंजळभर पाणी पितात आणि येतात. यंदा गुडघ्यांनी नाही म्हटलं होतं. बोर्डावर मी स्वतः रंगवून घेतलेली अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर आली: 'पाण्याला कोणीही हात लावू नये.' वेलांट्या सगळ्या बरोबर होत्या. म्हणूनच शांताबाई त्यावर कधी काही बोलल्या नसाव्यात, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात. "सांग, काय काय आणायचं?"

"समुद्र," तो म्हणाला.

मी ठाण्याची खाडी सुचवली. दहा मिनिटांवर. त्याने कानाला हात लावले. "किनाऱ्यापासून पंचवीस मैलांच्या आत आम्ही प्यायचं पाणी करत नाही. शहराची घाण असते. मशीन मीठ मागे ठेवतं, रोगाची खात्री देत नाही." मग वर्सोव्याच्या ओळखीच्या कोळ्याला, दशरथला, फोन केला. दशरथची बोट खोल समुद्रात जाते. त्याने दोन कॅन भरून आणले आणि आमच्या हातात देताना म्हणाला, "भांगाचं हाय, बारक्या भरतीचं. उधाणाला प्रवाह जोरात, तळचा गाळ वर ढवळतो. अष्टमीच्या भांगाला दर्या नरम, म्हणून थांबलो होतो." पाण्यालाही तिथी बघून भरावं लागतं, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. कॅनमध्ये बघितलं तर इतकं नितळ, की मुंबईच्या समुद्राचं आहे यावर विश्वास बसेना.

घाटकोपरला यायला मेट्रो. तपासणीला गार्डने विचारलं, "काय आहे?"

मी म्हटलं, "समुद्र."

"पिऊन दाखवा."

भीमराज टोपणभर प्यायला. तोंड वाकडं न करता. गार्डने माझ्याकडे बोट केलं, "आता तुम्ही." मी प्यायलो. पुढची सगळी स्टेशनं मी खिडकीकडे तोंड करून काढली. भीमराज मात्र नाहूरपर्यंत हसत होता. "साखर कमी पडली का रे?"

वीस तारखेला सकाळी टाक्या भरल्यावर पंपाच्या खोलीत मांडामांड झाली. स्टीलचा मोठा कुकर. त्याला झाकण म्हणून भांडुपच्या कारखान्यातून कापून आणलेली, बोटभर जाड, आरपार दिसणारी प्लॅस्टिकची चकती. तिच्यातून निघालेली तांब्याची नळी वेटोळं घेऊन बर्फाच्या बादलीत, तिथून एका बंद डब्यात. आणि डब्यापासून एक रबरी पाइप पितळेच्या छोट्या तुकड्याला, जो त्याने आमच्या पंपावर बसवला होता.

"हे काय?"

"खरी गंमत ह्यातच," तो म्हणाला. "पाणी जोरात धावतं, मध्येच गळा अरुंद होतो, तिथे आणखी जोर धरतं, आणि बाजूची हवा ओढून घेऊन जातं. बोटीवरही असंच. फक्त धावत्या पाण्याने सगळी हवा काढायची."

"बाजूच्याला ओढून नेतं?"

"तुझ्यासारखंच. तू बाकावर सुरू झालास की जाणारे येणारे ओढले जातातच ना."

शांताबाई खुर्चीवर बसल्या होत्या. पांढरं लुगडं, हातात नलिनीने दिलेलं फुलपात्र. दारातून आत येताना थांबून बोर्ड वाचला होता, एकेक अक्षर. मग माझ्याकडे बघून, "आज लावला तर चालंल ना रं?" एवढंच. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

पंप सुरू झाला. कुकर अंघोळीच्या पाण्याच्या टबात ठेवलेला. भीमराज म्हणाला, "बोटीवर इंजिन थंड करून आलेलं गरम पाणी वापरतो. फुकट जाणारी ऊब. इथे तुझा गीझर." चकतीवर बसवलेल्या दाबमापकाचा काटा थोडा हलला आणि अडकला. कुठेतरी हवा शिरत होती. भीमराजने पेचकस लावला, मूठ कानात दाबली, डोळे मिटले. पुन्हा दाबली. कान ऐकत नव्हता.

"उदबत्ती आण," तो मला म्हणाला. मी आणली. तो धूर चकतीच्या कडेने फिरवू लागला, पण गळती कुठे ते दिसेना.

"थांब," शांताबाई म्हणाल्या. "तितं बग. धूर आत चाललाय." काठीने जागा दाखवली. खरंच, तिथे धुराची रेघ वाकून आत शिरत होती. "नलिने, कणीक हाय का मळलेली? पातेल्याचं तोंड बंद करताव तसं लिंपून टाक."

भीमराजने आईकडे बघितलं आणि तो पोटभर हसला. पंचवीस वर्षांचा फिटर, आणि गळती बंद केली पोळीच्या कणकेने!

काटा सरसर खाली गेला. आणि मग ते झालं.

कुकरमधलं पाणी उकळायला लागलं. टबात मी हात घातला होता, मुद्दाम, शंका म्हणून. कोमट. बाळाला घालावं तेवढं. आणि माझ्या हातापासून वितीवर तो समुद्र खदखदत होता. मोठेमोठे बुडबुडे, तळापासून, चकतीपर्यंत उसळणारे. खाली आग नाही, वर वाफेचा चटका नाही. हवा काढून घेतली, तेवढ्यानेच पाण्याने उकळायचं ठरवलं होतं. मी आयुष्यभर समजत होतो की उकळणं म्हणजे तापणं. माझी बोलती बंद झाली, आणि नलिनीने ते घड्याळात बघून ठेवलं: चार मिनिटं.

"वरून हवेचं ओझं असतं पाण्यावर," भीमराज हळू म्हणाला. "ते उतरवलं की पाणी थोड्या उबेतही उठतं."

शांताबाई खुर्चीतून उठल्या. चकतीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग न वळता विचारलं, "आन् ते दुसरं? सुबोध म्हनत व्हता ते?"

तो बाकावरचा हशा माझ्या कानात परत वाजला. भीमराजने माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्याला कळलं ते वाक्य कुठून आलं.

"तेही करतो, आई," तो म्हणाला. "संडासाची पाइप फुटली तर मीच खोलतो. हातमोजे घालून, वर चांगला उजेड असतो, शेजारी इंजिनियर बसतो बोल्ट धरायला. उतरत नाही कशात. दोर नसतो कमरेला."

पंप घुमत राहिला. नलिनी गरम पाण्याची दुसरी बादली घेऊन दारातच थांबली.

"मग लपवलंस कशापायी?"

"दोर दिसेल तुला म्हणून."

म्हातारीने मान हलवली. "बापाला तुझ्या हातमोजे मिळाले असते तर," म्हणाल्या. मग फुलपात्र त्याच्यापुढे धरलं. "वाढ."

तासाभरात डब्यात फुलपात्रभर जमलं होतं. भीमराजने पंप बंद केला, हवा आत सोडली, डबा उघडला. एक छोटं यंत्र बुडवून मीठ मोजलं आणि मान डोलावली. मग पाणी फुलपात्रात ओतलं.

शांताबाईंनी फुलपात्रातलं पाणी ओंजळीत घेतलं. महाडला घेतात तसंच. प्यायल्या. आम्ही तिघे बघत होतो. परीक्षेचा निकाल लागायचा असतो तसे.

"चवच न्हाई ह्याला."

"नसतेच, आई. त्यात काहीच नसतं. नुसतं पाणी."

"नुसतं पानी," त्या स्वतःशी म्हणाल्या, जसं काही हे दोन शब्द आजच वाचायला शिकल्या. मग उरलेलं माझ्यापुढे धरलं. "घे. तूबी घे."

मी प्यायलो. खरंच काही चव नव्हती. ना नळाची, ना विहिरीची, ना कुठल्या गावाची.

पंचवीसला भीमराज गेला. जाताना पंपाला पेचकस न लावता नुसता तळवा ठेवून बघितला. म्हणाला, "हातालाही कळतं रे, कानच लागतो असं नाही." बोर्ड मी काढला. भिंतीवर जागेचा चौकोन राहिलाय, पांढरा.

शांताबाई पाहुण्यांना परत सांगू लागल्या. कोणी हसलं की मला हाक. "सांग रं ह्यांना, तू बगितलंस." मी सांगतो, कोमट पाणी कसं उकळलं ते. पण मी सांगतोय म्हटल्यावर लोक आणखी हसतात. वीस वर्षांच्या थापांनी एवढी कमाई केलीय.

परवा अशीच मंडळी हसून गेली. मीही त्यांच्याबरोबर उगाच थोडा हसलो. शांताबाईंनी आत बोलावलं. ताटलीत कैरीच्या फोडी. शेजारी काचेची छोटी बरणी. कुकरच्या तळाशी राहिलेलं पाणी त्यांनी गच्चीत थाळीत वाळवलं होतं. त्यातलं चिमूटभर त्यांनी फोडीवर टाकलं.

"खा."

खाल्ली. जरा कडवट, पण खारट होतंच. थेट पंचवीस मैलांपलीकडचं.

बरणीचं झाकण घट्ट लावून त्यांनी ती फडताळात ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता खाल्ल्या मिठाला जाग, सेक्रेटरी."