उरलेले अकरा फोटो

भिंगारच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे मी कितीदा तरी गेले, पण त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पहिल्यांदा गेले ती बाबांच्या मागं राहिलेल्या दोन जुन्या लेन्स घेऊन. त्या लेन्सना चालेल अशी रोलच्या कॅमेऱ्याची बॉडी मला हवी होती.

मी कपाटातली चकचकीत बॉडी उचलली. चाचांनी चष्मा कपाळावर सारला. बोलण्याआधी ते नेहमी तसं करत.

"ताई, आधी लेन्स बघायची, मग बॉडी. तुमची लेन्स आट्यांची हाय, फिरवून बसणारी. त्या बॉडीवर न्हाई बसायची."

आट्यांच्या दोन बॉड्या त्यांच्याकडे होत्या. एकेक कानाशी धरून त्यांनी शटर दाबलं आणि मान हलवली. "दोन्हींचं शटर दमलंय."

मग स्वतःच्या गळ्यातला कॅमेरा काढून त्यांनी माझी लेन्स त्यावर फिरवली. ती अलगद बसली.

"आत रोल हाय. अकरा फोटो उरल्यात. लई जपून वापरत हुतो."

"राहू द्या चाचा, मी दुसरीकडे बघते."

"कशाला?" म्हणत ते बाहेर गेले आणि अकराही फोटो तिथंच काढून आले. चहावाल्याचा, वाळत घातलेल्या मिरच्यांचा, उभ्या टेम्पोचा आणि शेवटचा माझा. रोल काढून त्यांनी खिशात टाकला.

कॅमेरा माझ्या हातात देताना म्हणाले, "पट्टा तेवढा ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

तो रिकामा पट्टा गळ्यात घालून ते पुन्हा कामाला बसले.