शालिकची पितळी वाटी

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कोणता शालिक?" वॉर्डातल्या सिस्टरनं पूर्ण नाव सांगितलं, गाव सिहोरा सांगितलं, तरी मी खाटेचा नंबर विचारला. स्वभावानंच मी संशयी. दूधवाल्याचं माप, ऑटोवाल्यानं घेतलेलं वळण, जावयाचं गोड बोलणं, सगळं दोनदा तपासून घेते. शालिक मला बाई म्हणायचा; म्हणायचा, बाई यमालाही ओळखपत्र मागेल. तसंच झालं म्हणायचं... आता महिना उलटून गेला आहे, आणि ज्याच्यावर मी आयुष्यभर सगळ्यांत जास्त संशय घेतला त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे.

शालिक माझ्याहून पाच वर्षांनी लहान. जन्मला तेव्हा त्याच्या दोन्ही पायांचे अंगठे आखूड आणि आत वळलेले होते. सुईण म्हणाली, आजोबांवर गेला. आजोबांचे अंगठे कोणी नीट पाहिले नव्हते, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. तो नऊ वर्षांचा असताना धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेतातल्या बांधीत वाकेना. पाठ धरली म्हणे. बाबांना तो कामचुकारपणा वाटला, आणि मलाही, कारण मी दिवसभर चिखलात वाकून होते. मग त्याच्या पाठीवर गाठी आल्या. आधी मऊ आणि गरम, हात लावू द्यायचा नाही. काही आठवड्यांनी त्या टणक व्हायच्या आणि तिथलं हलणं कायमचं बंद व्हायचं. आईचा संशय शेजारणीच्या नजरेवर, बाबांचा मास्तरांच्या छडीवर आणि माझा शालिकवरच. गाठी खऱ्या असतील, पण दुखणं तो वाढवून सांगतो, असं मला वाटायचं.

गावातल्या एका जाणत्यानं सांगितलं, वात गोठला आहे, चोळून फोडावा लागेल. चोळायचं काम माझ्याकडे आलं. बाबांनी भंडाऱ्याच्या बाजारातून जाड बुडाची पितळी वाटी आणली. रोज सकाळी अंगणातल्या उन्हात त्याला पालथं झोपवायचं आणि वाटीतलं कोमट जवसाचं तेल घेऊन गाठ अंगठ्यानं दाबत न्यायची. तो ओरडायचा. शाळा बुडवायचं नाटक आहे असं समजून मी आणखी जोर लावायची. "काहून रडते रे," आई चुलीजवळून म्हणायची, "चोळल्याबिगर जाईन का वात?" लग्न होऊन मी भंडाऱ्याला येईपर्यंत चार वर्षं हे चाललं. तोवर त्याची मान वळेनाशी झाली होती आणि दोन्ही कोपरं काटकोनात थांबली होती. पुढेही माहेरी गेले की मी आधी वाटी काढायची. आपण नसलो म्हणून त्याचं दुखणं वाढलं, अशी माझी पक्की समजूत होती.

शालिकनं मात्र स्वतःचं बस्तान बसवलं. सुताराकडून छातीएवढ्या उंचीचं टेबल करून घेतलं आणि उभ्यानं लोकांचे अर्ज लिहून देऊ लागला. अक्षर असं की तहसीलमधला बाबू अर्ज परत करायला कचरायचा. नवे लोक त्याला ताठ समजत, कारण तो कोणाच्या पाया पडत नसे. एकदा अपंगांच्या दाखल्यासाठी त्याच्यासोबत गेले होते. टेबलामागचा माणूस म्हणाला, हात वर करा. होत नाही म्हटल्यावर म्हणाला, जोर लावा. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. बाहेर आल्यावर शालिक हसून म्हणाला, "बाई, तू बी असंच म्हणत होती." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

वीस एक वर्षांपूर्वी त्याचा जबडा धरू लागला, तेव्हा कोणीतरी सुचवलं म्हणून आम्ही नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठ पाहायच्या आधी चपला काढायला लावल्या आणि अंगठ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मला खालून एक्स-रे आणायला पाठवलं. परत आले तर दोघं बोलता बोलता गप्प झाले. एसटीत मी खोदून खोदून विचारलं. "जन्माचंच हाय म्हणे. मासात हाड बनते," शालिक म्हणाला. मग डोळे खिडकीकडे नेऊन, "आता मालीश बंद. डाक्टर म्हणे, बाईनं बहुत केलं, आता तिले आराम द्या."

कोणत्या डॉक्टरला माझ्या आरामाची पडली आहे? त्या दिवसापासून तो किडा डोक्यात वळवळत राहिला. यानं माझी तक्रार केली असणार. जन्माचंच असेल तर मालीश कशाला बंद? त्यात ती वाटी शालिकनं टेबलावर मांडली, चष्मा आणि पेनं ठेवायला. दर दिवाळीला कोणाकडून तरी चिंचेनं घासून लख्ख करून घ्यायचा. मी गेले की ती पहिली डोळ्यांत भरायची, आणि वाटायचं, माझ्यासाठीच मांडली आहे.

शेवटी छातीत कफ झाला. फासळ्या जखडलेल्या, श्वास पुरेना. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सहज विचारलं, लहानपणी मालीश वगैरे झाली होती का? या आजारात मार बसला, दंडात सुई टोचली किंवा जोरानं चोळलं की तिथं नवं हाड धरू शकतं, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. सरळ खोटं बोलले. खाटेजवळ आले तर शालिकनं डोळे माझ्याकडे वळवले. मिटल्या दातांतून म्हणाला, "डाक्टरीण का म्हणे?"

"काही नाही."

मग तो म्हणाला, "बाई, पाठीवर हात ठेव. चोळू नको... नुसता ठेव."

म्हणजे त्याला माहीत होतं. नागपूरपासून, वीस वर्षं माहीत होतं. मी उशीच्या बाजूनं हात आत सरकवला. पाठ कुठेच मऊ नव्हती. त्यातलं जन्माचं किती आणि माझ्या हातचं किती, हे आता कोणी सांगणार नाही. मी रडले, आणि रडतानाही मनात आलं, हा मला माफ करतोय की आठवण करून देतोय? दोन दिवसांनी तो गेला.

वाटी मी घरी आणली आहे. राग धरून बसलेला माणूस भांडं इतकं जपणार नाही, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, पुरावाही माणसं जपूनच ठेवतात. विचारायला शालिक नाही. परवा पाहिलं तर वाटी काळी पडू लागली होती. चिंच भिजवली, वाटी घेऊन मोरीवर बसले, अंगठा काठावर टेकवला... आणि पुढे नेता येईना. चिंच टाकून दिली. वाटी टेबलावर आहे, दिवसेंदिवस काळी पडते आहे. सकाळी येता-जाता मी तिच्यावर हात ठेवते, नुसता.