हात मागं बांधणारे सचिवभाऊ

या, असे जवळ सरका. दारातूनच डोकावून निघायची ही कसली सवय तुमची? आणि तो मोबाइल ठेवा खाली. माणूस सांगायचा म्हणजे जरा टेकून ऐकावं लागतं.

आमच्या दूध सोसायटीचे सचिव शिकवायला उभे राहिले की आधी दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे. आपण कॉम्प्युटरसमोर घामाघूम, आणि हे म्हणायचे, "माझे हात बांधलेत असं समजा, आक्का. तुमीच करा." लई राग यायचा मला.

दुष्काळात जनावरांना काय घालावं, काय घालू नये, याचं पुस्तक सोसायटीनं काढायचं ठरवलं होतं. चारा संपलेला, बाया दिसेल तो पाला ओरबाडून आणायच्या. मजकूर आम्हा बायांचा, तपासला जनावरांच्या डॉक्टरांनी. टाइपही आम्हीच केला, आणि मोकळ्या जागा सोडत सोडत असा सजवला की नवरीच जणू. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो उघडला आणि सगळं सरकलं. नमुना प्रत बघतो तर पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी 'निर्धास्त घाला' याखाली जाऊन बसलेली! ती खाऊन जनावर दावणीतच आडवं होतं हो.

सचिवभाऊ रागावले नाहीत. म्हणाले, "तुमची चूक न्हाई. अवजार चुकलंय."

मग नवं अवजार शोधणं सुरू झालं, आणि पारख करायला बसवलं मला. "आक्का ज्याला वैतागतील ते बाद."

पहिलं अवजार पानं फार देखणी करायचं, पण त्यातली बटणं बघूनच जीव घाबरा झाला. बाद. दुसरं इंटरनेटवर चालायचं. आमच्याकडं वीज गेली की नेटवर्कही जातं. बाद. तिसरं उघडलं तर नुसता कोरा पडदा. शीर्षकाआधी जाळीसारखी खूण टाकायची, यादीतल्या प्रत्येक ओळीआधी आडवी रेघ. बाकी मजकूर साधा. मग एक हुकूम दिला की त्याच फाइलीतून छापायचं पुस्तकही तयार आणि मोबाइलवर वाचायचं पानही. कुठंही उघडा, यादी आपलं शीर्षक सोडत नाही.

"लईच भिकार दिसतंय की हो, भाऊ."

"लिहिताना भिकार. छापल्यावर बघा."

"त्यापरीस ते देखणं तुमीच चालवा की. तुमाला येतंय."

"अन् मी नसलो म्हंजे?"

"असं वंगाळ कशाला बोलता?"

ते नुसते हसले. हात मागंच.

पुस्तक छापून आलं तेव्हा आम्ही आधी ज्वारीचं पान उघडलं. 'अजिबात घालू नका.' मग कुठं चहा झाला. धारूरच्या डोंगरापासून सिरसाळ्यापर्यंत गोठ्यागोठ्यात गेलं ते.

भाऊ वारले, आणि पुढच्याच साली पावसानं पुन्हा दडी मारली. डोंगराकडच्या एका बाईचा फोन आला, "आक्का, गाई घाणेरीचा पाला खाया लागल्यात." पुस्तकात घाणेरी नव्हती. डॉक्टर म्हणाले, विषारी आहे, आजच्या आज कळवा. सोसायटीत मी आणि नुकतीच कामाला लागलेली गावातलीच एक सून. भाऊंची खुर्ची रिकामी.

"आक्का, तुमीच टाका ना. माझं चुकलं तर?"

बघते तर माझे दोन्ही हात कधीच पाठीमागं गेलेले.

तिनं 'अजिबात घालू नका' याखाली रेघ टाकली, घाणेरी लिहिली, हुकूम दिला. धारा काढायच्या आत ते पान गोठ्यागोठ्यातल्या मोबाइलवर होतं.

तर पुन्हा या लवकर. चहा मी करते. पुस्तकात भर घालण्यासारखं काही ठाऊक असेल तर तेही आणा. टाकायचं मात्र तुम्हीच.