अकरा हंगाम आणि एक ‘कावून’

बी.एस्सी.च्या दोस्तांनो, आज आमच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नवे साहेब रुजू झाले. घाटनांदूरचं पोरगं, वय पंचवीस, एम.एस्सी. अप्लाइड केमिस्ट्री. ते मला दादा म्हणतात, मी त्यांना साहेब.

दुपारी उसाचा रस गाळायला ठेवला, तर थेंब लई हळू पडू लागले. मी लगेच म्हणालो, "ऊस शिळा हाय. तोडून चार दिवस तरी झालेत."

चौकशी केली, तर खरंच निघालं. साहेब खूश झाले. "दादा, पण शिळ्या उसाचा रस चिकट कावून होतो?"

अकरा हंगाम ते थेंब बघतोय, पण कावून, असं का होतं, हे मी कधी विचारलंच न्हाई.

त्यांनी कागदावर साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी काढली. "जंतू ही साखळी तयार करतात, म्हणून रस चिकट होतो." मला आपला कॉलेजातला फळा आठवला. नोकरी लागली अन् एम.एस्सी.चा अर्ज भरायचा राहूनच गेला.

बढतीला ती डिग्री लागतेच. पण आज साहेबांनी काढलेला तो साखळीचा कागद घडी करून खिशात घातला, तो बढतीसाठी न्हाई.

छत्तिसाव्या वर्षी कुणी परत वर्गात बसलंय का? का ‘कावून’ विचारायचं वय निघून जातं बे?