पट्टा बांधून सहा पोळ्या

"मावशी, आलाच आहात तर सहा पोळ्या टाकून जा ना."

हे वाक्य क्लबहाउसच्या दारातून आलं तेव्हा माझे दोन्ही हात वर होते. कमरेला टिकल्यांचा पट्टा होता. समोर भिंतभर आरसा, आरशात सात बायका आणि आठवी मी. शिकवणारी मुलगी सांगत होती, गुडघे सैल, छाती स्थिर, फक्त कंबर. आणि माझी कंबर हलत होती. सेहेचाळीस वर्षांची, दोन बाळंतपणांची, बावीस वर्षं ओट्याला टेकलेली कंबर. ती मुलगी माझ्याजवळ येऊन थांबलीसुद्धा. "तुम्ही आधी कुठे शिकलाय का?" असं तिने विचारलं. शिकले होते की. परातीत. दोन किलो कणीक मळताना वरचं अंग हलतं आणि खालचं जागच्या जागी राहतं. इथे फक्त उलटं करायचं होतं.

हे मी तिला सांगणार, तेवढ्यात दारात सातशे दोन नंबरच्या फ्लॅटमधल्या मॅडम. त्यांच्याकडे सकाळच्या पोळ्या मी करते.

मी गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल फार मोठी अपेक्षा ठेवायला नको. हात खाली घेतले, चप्पल घातली आणि मॅडमच्या मागे लिफ्टकडे निघाले. पट्टा सोडायचं राहून गेलं. मॅडम त्यांच्या लिफ्टने वर गेल्या. मी मदतनीसांच्या लिफ्टने. सात मजले छनछन करत.

आता मी तिथे पोचले कशी, ते ऐका.

मला नाचायचं होतं. बस. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, वजन कमी करायचं नव्हतं. एका घरच्या मुलीच्या फोनवर बेली डान्स पाहिला आणि पोळी तव्यावर करपली. बावीस वर्षांत तेवढी एकच करपली. मी ठरवलं की हे आपल्याला यायला हवं.

क्लास शोधायला मी नवरामुलगा शोधावा तशी निघाले. पहिला होता मोठ्या रस्त्यावरचा, काचेच्या दाराचा. तिथे तीन महिन्यांची फी एकदम मागितली. शिवाय आतल्या मुली गिरक्या घेत होत्या, आणि नव्या माणसाला मधूनच सामील व्हायचं. मला तर उजवा पाय कधी टाकायचा हेही माहीत नव्हतं. दुसरा फुकट होता, फोनवर. पिठाच्या डब्याला फोन टेकवून महिनाभर केला. फोन सगळं सांगतो, पण तुमचा गुडघा कुठे चुकतोय ते त्याला दिसत नाही. गुडघा नारळाएवढा सुजला. तिसरा कर्वेनगरातल्या त्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. अगदी नवशिक्यांचा. मंगळवार-शुक्रवार दुपारी चार. फी महिन्याची महिन्याला, पहिला तास फुकट, आठच बायका, आणि शिकवणारी प्रत्येकीचे गुडघे स्वतः बघणार. कागदावर खाली लिहिलेलं, बाहेरच्यांनाही प्रवेश.

माझ्या पातळीचा आणि माझ्या ऐपतीचा. शिवाय त्याच सोसायटीत माझी सकाळची तीन घरं. मी म्हटलं, वा. पहिल्या महिन्याची फी आगाऊच भरली. मंडईजवळून टिकल्या आणल्या, जुन्या ओढणीला ओवल्या. पट्टा तयार.

सोयीचं म्हणून निवडलं, तिथेच चुकले.

त्या सोसायटीच्या गेटवर एक यंत्र आहे. ते चेहरा बघतं. माझा चेहरा त्यात सात वर्षांपूर्वी घातलेला, तीन घरांच्या नावाने. चेहरा ओळखला की हिरवा दिवा लागतो, पडद्यावर 'मदतनीस' असं येतं, आणि त्याच क्षणी तिन्ही घरच्या फोनवर निरोप जातो की तुमच्या मदतनीस आल्या आहेत. सकाळी आठला हे ठीक. दुपारी पावणेचारला मी नवा पंजाबी ड्रेस घालून, लिपस्टिक लावून त्या यंत्रासमोर उभी राहिले, आणि यंत्राने तेच सांगितलं. तीन घरांतून तीन फोन आले. मी उचलले नाहीत. मॅडमनी गेटवर विचारलं आणि खाली आल्या.

आता त्या सहा पोळ्या.

मॅडमच्या मैत्रिणी आल्या होत्या. चौघी. मी लाटत होते आणि पट्टा वाजत होता. पोळी लाटताना कंबर थोडी हलतेच, इलाज नाही. बाहेरून हसू आलं. मग चौघीही स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मॅडमनी त्यांना सांगितलं, अगं, आमच्या मावशी बेली डान्स शिकतात. त्यांतली एक, माझ्यापेक्षा मोठीच असेल, म्हणाली, "मावशी, करून दाखवा ना थोडं."

मी करून दाखवलं.

हातात लाटणं होतं. एक पोळी तव्यावर होती. मी लाटणं डोक्यावर धरलं, डोळे मिचकावले आणि कंबर एकदा उजवीकडे पाडली, एकदा डावीकडे. टाळ्या. एकीने फोनवर घेतलं. मी पुन्हा केलं. माझा स्वभावच तसा. लोकांना हसवायला मला आवडतं. सगळ्या घरांत मी मजेशीर मावशी म्हणून प्रसिद्ध. कोणी पगार उशिरा दिला तरी नक्कल करते, कोणी माझा कप वेगळा ठेवला तरी त्यावर विनोद करते. ते हसतात, मी हसते, कप वेगळाच राहतो.

पण खाली आरशासमोर जी कंबर माझी होती, ती इथे त्यांची झाली. तीच हालचाल. तोच पट्टा.

शुक्रवारी मी गेटवर रखवालदाराला म्हटलं, मला आज पाहुणी म्हणून सोडा. तो यवतमाळकडचा, भला माणूस. त्याने वहीत लिहिलं. पण दार उघडायचं तर यंत्रासमोर उभं राहावंच लागतं. हिरवा दिवा. मदतनीस. त्याने पुसून पुन्हा केलं. मदतनीस. मी ओढणीने अर्धं तोंड झाकून पाहिलं. त्या यंत्राला माझे नुसते डोळेही पुरतात. सख्ख्या भावाने लग्नात मला ओळखलं नव्हतं, याने ओळखलं.

"मावशी, यात तुमचा चेहरा आहे तोवर माझ्या हातात काई नाई," तो म्हणाला.

मी सेक्रेटरींकडे गेले. निवृत्त गृहस्थ, आवाज कधी चढत नाही. मी म्हटलं, फी भरली आहे, कागदावर बाहेरच्यांना प्रवेश लिहिलंय. त्यांनी चष्मा पुसत सगळं ऐकलं.

"अहो, पण तुम्ही बाहेरच्या कुठे? तुम्ही तर आमच्याच. उद्या रखवालदार पोहण्याच्या तलावात उतरेल. मग गेटवर आपण बसायचं का?"

मी बाहेरची असते तर आत येऊ शकले असते. आतली म्हणूनच बाहेर. संध्याकाळी लिफ्टशेजारी कागद लागला. मदतनीसांनी कामाव्यतिरिक्त आवारात थांबू नये. शिकवणारी मुलगी मला पार्किंगमध्ये भेटली. तिचा चेहरा रडवेला. क्लबहाउस तिला तासावर भाड्याने मिळतं, तेही सेक्रेटरींच्या सहीने. ताई, फी परत घ्या, म्हणाली. मी घेतली नाही. हात मागे बांधून उभी राहिले, लहान पोर राहतं तशी. तेवढंच सुचलं.

पुढचे दोन आठवडे मी पोळ्या करत राहिले. तीन घरं, रोज. चार वाजता घरी बसून असायचे. पट्टा खुंटीला. त्या दोन आठवड्यांत मी एकही विनोद केला नाही. एका घरी विचारलं, मावशी, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे.

मग एका गुरुवारी सातशे दोनच्या मॅडमनी फोन माझ्यासमोर धरला. त्यात मी. लाटणं डोक्यावर, डोळे मिचकावते आहे. खाली लोकांनी पाठवलेल्या हसऱ्या तोंडांची रांग. मॅडम खरंच खूश होत्या. त्यांना वाटलं, मलाही आनंद होईल.

"शनिवारी आमच्याकडे भिशी आहे. येताना तो पट्टा घेऊन या हं."

मी गॅस बंद केला.

"नाही, मॅडम. तो पट्टा क्लासचा आहे."

"अहो, गंमत म्हणून!"

"गंमत तुमची. कंबर माझी."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्यात खोडी नव्हती. हात धुतले, पदराला पुसले आणि खाली गेटवर गेले. रखवालदाराला म्हटलं, या यंत्रातून माझा चेहरा काढा. त्याला वाटलं, मी नेहमीसारखी थट्टा करते. म्हणाला, काढला तर तिन्ही घरं जातील. मी म्हटलं, मला मोजता येतं. त्याने बटण दाबलं.

मंगळवारी पावणेचारला मी यंत्रासमोर उभी राहिले. लाल दिवा. सात वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला ओळखलं नाही. माझं मन भरून आलं.

पाहुण्यांच्या वहीत चार रकाने असतात. नाव. वेळ. कोणाकडे. काम. नाव मी पूर्ण लिहिलं, सासरच्या आडनावासकट. कोणाकडे, तर नृत्याच्या वर्गाकडे. कामाच्या रकान्यात लिहिलं, नाच.

त्याने वाचलं. "मावशी, असं लिहिलं तर चालेल काय?"

"खरं आहे ते."

पाहुण्याला सोडायचं तर आतून कोणाला तरी हो म्हणावं लागतं. त्याने शिकवणाऱ्या मुलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. क्लबहाउसमधून वाद्यं ऐकू येत होती, आणि सात जणींचे पट्टे. मी पाच वाजेपर्यंत उभी राहिले. शुक्रवारी पुन्हा.

लोक सांगतात, दुसरा क्लास बघा. बघितलेत मी. एक ऐपतीबाहेरचा, एक गुडघा मोडणारा. माझा क्लास हाच. आरशातली आठवी जागा माझी आहे. ती रिकामी आहे, आणि कोणी दिली तरच ती माझी, असं नाही. त्या मुलीवर माझा राग नाही, असं म्हणणार होते. आहे. तिच्याकडे होकार आहे आणि ती फोन उचलत नाही.

गेटपाशी उभी असते तेव्हा जाणारे-येणारे विचारतात, काय मावशी, आज नाच? पट्टा पिशवीत असतो. मी तो बाहेर बांधत नाही. कोणी करून दाखवा म्हटलं, तर दाखवत नाही. मिचकावत नाही. हसवत नाही.

दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी त्या वहीत एक ओळ माझ्या अक्षरात असेल, आणि शेवटच्या रकान्यात तोच शब्द असेल. पट्टा मी आत बांधीन, आरशासमोर. तोवर त्या सोसायटीत माझ्या हातची एकही पोळी लाटली जाणार नाही.